मारणाऱ्याच्या खिशातून

जग बुडाल्यावर सगळ्यात आधी काय सुरू होईल? अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीचं उत्तर तयार आहे : दुकान. त्यांच्या ‘फॉलआउट ७६’ या ऑनलाइन खेळात २३ ऑक्टोबर २०७७ या दिवशी अणुयुद्ध होतं, सगळं बेचिराख होतं, पंचवीस वर्षांनी तळघरात लपलेली माणसं वर येतात आणि बघतात तर खरेदी-विक्री जोरात. चलन म्हणाल तर थंड पेयाच्या बाटल्यांची झाकणं. हसू नका. हे चलन रात्री आठ वाजता टीव्हीवर येऊन कोणी रद्द करत नाही.

या सदराचे वाचक असले खेळ खेळत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते पत्ते खेळतात आणि राजकारण. मीही तेवढंच खेळत होतो. पण सौंसरचा भाचा नागपूरला शिकतो. सुट्टीत पांढुर्ण्याला आला की त्याचा कॉम्प्युटर आमच्या बैठकीत मांडतो. या खेपेला मांडला आणि मागंच ठेवून गेला. जाताना म्हणाला, “मामाजी, रोज पेपर वाचून जग बुडालं, जग बुडालं करता. एकदा बुडालेलं पाहून तर घ्या.”

तर पाहायला बसलो.

आधी आपलं पात्र घडवायचं. नाक, हनुवटी, केस, सगळं हवं तसं. केस मी भरपूर घेतले. मग सात गुण : ताकद, नजर, दम, छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब. सुरुवातीला प्रत्येकाला प्रत्येक गुण एकेकच मिळतो. मग जसजसे वर चढाल तसतसे वाढवायचे. इतकी समता आपल्याला या जन्मी पाहायला मिळत नाही, त्यासाठी जगच बुडावं लागतं. भाच्यानं फोनवर बजावलं होतं, ताकद वाढवा. मी नशीब वाढवलं. संत्र्याच्या मुलखात जन्मलेला माणूस दुसरं काय वाढवणार? आंबिया बहाराच्या ऐन मोसमात गारपीट झाली की ताकद, बुद्धी आणि चपळाई तिन्ही बागेतच पडलेली असतात.

आपलं पात्र ज्या तळघरातून बाहेर येतं त्याचा क्रमांक ७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०७६ मध्ये तीनशे वर्षं होणार म्हणून हा आकडा. देशातली निवडक हुशार माणसं आत ठेवली होती. काम एकच : युद्ध संपलं की बाहेर यायचं आणि देश पुन्हा उभा करायचा. २१०२ मध्ये दार उघडायचा दिवस येतो, त्याच्या आदल्या रात्री जंगी पार्टी होते आणि आपलं पात्र सकाळी उशिरा उठतं. बाकी सगळे निघून गेलेले. मुख्य साहेबीणबाई तर सगळ्यांच्या आधी निघून गेल्यात. जाताना ध्वनिफिती ठेवून गेल्यात. मी अमुक ठिकाणी आहे, तिथं या. तिथं गेलो की पुढची फीत : मी तिथून निघाले, आता तमुक ठिकाणी या. राष्ट्राच्या पुनर्बांधणीचं काम असं चालतं. साहेब दौऱ्यावर, निरोप टेबलावर.

हे काही अगदीच परकं वाटलं नाही. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा आमचंही दार उघडलं होतं. मिठाई वाटली, फटाके फुटले. पूर्वी ज्या कागदासाठी सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला जायचं, तो कागद आता गावातच मिळणार. फक्त तो कोणत्या टेबलावर मिळणार, याचा शोध घेत फिरताना फीत ऐकू येत नव्हती, एवढाच फरक. भाषेचं म्हणाल तर घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि खेळात इंग्रजी. तीन भाषांत नापास व्हायची सोय एका घरात झाली.

खेळ १४ नोव्हेंबर २०१८ला बाजारात आला तेव्हा त्यात माणूसच नव्हता. म्हणजे खेळणारे होते, एका जगात चोवीस जण. पण खेळातलं म्हणावं असं बोलणारं, जिवंत पात्र एकही नाही. नुसती प्रेतं आणि प्रेतांशेजारी चिठ्ठ्या. कोणी बायकोला लिहिलेली, कोणी शेजाऱ्याच्या नावानं तक्रार केलेली. सगळी गोष्ट मेलेल्यांच्या कागदपत्रांवरून जुळवायची. समीक्षकांनी कंपनीला धुऊन काढलं. मला त्यात एवढं नवल वाटलं नाही. आमच्याकडे सातबारा, म्हणजे इथल्या भाषेत खसरा-खतौनी काढली, तर त्यातही निम्मी नावं मेलेल्यांचीच निघतात आणि वाद जिवंतपणे चालू असतो.

शेवटी एप्रिल २०२०मध्ये कंपनीनं खेळात माणसं सोडली. त्या महिन्यात साऱ्या जगातली माणसं घरात कोंडलेली होती आणि हा बुडालेला मुलूख तेवढा गजबजला. आता तळघराच्या दारातून बाहेर पडलं की पहिल्या भेटतात दोन बाया. त्या कशाला आल्यात? इथं खजिना आहे असं त्यांना कोणी तरी सांगितलंय. जग बुडालं, अफवा तरली.

पुढचे काही तास मी भंगार गोळा केलं. हे मी अवमान म्हणून सांगत नाही, खेळाचा खरा गाभा तोच आहे. टेबलफॅन दिसला, उचल : त्यात स्क्रू मिळतात. टाइपरायटर दिसला, उचल. चिकटपट्टी दिसली तर धावत जा, कारण बंदूक दुरुस्त करायला ती लागते. ज्या वस्तू आमच्या सौ. दर दिवाळीला भंगारवाल्याला द्यायला काढतात आणि मी रात्री गुपचूप पुन्हा माळ्यावर चढवतो, नेमक्या त्याच वस्तूंवर तिथली नवी संस्कृती उभी आहे. मी सौ.ना बोलावून पडदा दाखवला. म्हटलं, पाहा, उद्या वेळ आली तर हेच कामी येणार. त्या म्हणाल्या, “वेळ आली का मंग उतरवा. तंवरिक माळा मोकळा करा जी.” आणि तिकडं पडद्यावर माझं पात्र ओझ्यानं वाकून लंगडत होतं. वजनाची मर्यादा ओलांडली की तिथं धावता येत नाही. ठेवायला एक पेटी मिळते, तीही भरते. मग काय टाकायचं आणि काय ठेवायचं या विवंचनेत माणूस उभा असताना मागून कुत्रं येऊन चावतं. खेळ ऑनलाइन असल्यामुळे त्याला थांबवायचं बटण नाही. दारात दूधवाला आला, कुकरची शिट्टी झाली, ‘आयकता का जी’ झालं. जग थांबत नाही. परत येऊन पाहावं तर आपण मेलेलो.

पण दुकानाचं सांगत होतो. झाकणांचा बाजार हा आतला. त्याच्यावर एक दुसरा बाजार आहे, खऱ्या पैशांचा. तिथं टोप्या, झगे, घराचे रंग, खुर्च्या मिळतात. २०१९मध्ये त्यात फ्रीज आला. खेळात अन्न नासतं. नासू नये म्हणून फ्रीज हवा. फ्रीज हवा तर खेळातल्या ‘ॲटम’ नावाच्या नाण्यांत पैसे मोजा, आणि ती नाणी कार्डावर मिळतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात महिना जवळपास १३ डॉलरची वर्गणी निघाली : ती भरणाऱ्याला भंगार ठेवायला अमर्याद पेटी आणि इतरांना मज्जाव असलेलं खाजगी जग. म्हणजे पृथ्वी उजाड झाली तरी तिच्यावर कुंपण घातलेली सोसायटी झालीच. आणि सुरुवातीच्या त्या पिशवीची गोष्ट तर आमच्या एखाद्या लग्नातल्या आहेराला शोभावी : २०० डॉलरच्या खास आवृत्तीबरोबर कॅनव्हासची थैली देऊ म्हणाले, दिली नायलॉनची. लोक ओरडले तेव्हा भरपाई म्हणून आधी काय दिलं? खेळातल्या दुकानात चालणारी पाच डॉलरची नाणी. फारच बोंब झाली तेव्हा कुठं कॅनव्हास आलं.

मुलूख मात्र बघण्यासारखा उभा केलाय. अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाचं, डोंगरांचं, काहीसं मागं पडलेलं राज्य. खेळात त्याचा एक भाग सतत धुमसतो, आभाळ राखेचं, डोंगराच्या पोटात खाणी. भाचा म्हणतो, “मामाजी, हे तं परासिया हाय.” परासियात अणुबाँब पडलेला नाही, असं मी त्याला निक्षून सांगितलं. पण पेंच-कन्हानच्या खाणी पाहिलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटतं, यात त्याचा दोष नाही.

त्याच मुलखात एक आलिशान हॉटेल आहे. खेळात नाव व्हाइटस्प्रिंग, खऱ्या जगात ग्रीनब्रायर. खेळात यंत्रमानव ते झाडूनपुसून चकाचक ठेवतात. पाहुणा एकही नाही. हॉटेलखाली गुप्त तळघर. ही कल्पना खेळवाल्यांची, असं मला वाटलं होतं; पण तळघर खरंच आहे! १९५८ ते १९६१ या काळात अमेरिकेच्या संसदेसाठी ते बांधलं. अणुयुद्ध झालं तर जनता वर आणि खासदार खाली. तीस वर्षं कोणाला पत्ता नव्हता, १९९२मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं फोडलं. म्हणजे प्रलयानंतरही आपल्याला आपले लोकप्रतिनिधी आहेत तसेच परत मिळाले असते. ज्यांना प्रलयाकडून काही आशा होती त्यांनी हे वाचून घ्यावं.

सुरुवातीच्या खेळाडूंनी या हॉटेलच्या गोल्फच्या मैदानावर पुन्हा पुन्हा अणुबाँब टाकले. हो, खेळात अणुबाँब टाकता येतो. संकेतांक जुळवायचे, तळघरात शिरायचं, बटण दाबायचं. बाँब पडला की तिथं चमकणारे भुतासारखे प्राणी निघतात, ते मारले की भरपूर गुण मिळतात. म्हणून बाँब. एकदा तर काही जणांनी तीन बाँब एकदम सोडले, तेव्हा सर्व्हरच कोसळला. जगाचा अंत झाला त्याच कारणानं त्याच्या अंताचाही अंत झाला. राज्य सरकारनं या सगळ्याकडे कसं पाहिलं? पर्यटन म्हणून. खेळ बाजारात येण्याआधीच वेस्ट व्हर्जिनियाच्या तेव्हाच्या राज्यपालांनी कंपनीशी हातमिळवणी करून ‘आमचं राज्य बघायला या’ असं जाहीर केलं. राज्यपालांचं नाव जिम जस्टिस. ग्रीनब्रायर हॉटेलचे तेव्हाचे मालक कोण? जिम जस्टिस. आमच्याकडच्या पुढाऱ्यांनी उगाच न्यूनगंड बाळगू नये.

आता गाईचं सांगतो, कारण पोळा जवळ आला की आम्हाला दुसरं सुचत नाही.

‘फॉलआउट’ मालिकेतल्या साऱ्या मुख्य खेळांत किरणोत्सारानं दोन तोंडं फुटलेली गाय असते. तिचं नाव ‘ब्राह्मिन’. २००८ साली मालिकेतला तिसरा खेळ मायक्रोसॉफ्टनं भारतात आणायचाच नाही असं ठरवलं. कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं. नेमकं काय खुपेल ते सांगितलं नाही, पण सगळ्यांनी बोट दाखवलं ते याच गाईकडे. आपल्या भावना दुखावतील की नाही, हे दुखावण्याआधीच तिकडं कोणी तरी ठरवून मोकळं झालं. आज तीच गाय माझ्या बैठकीत चरतेय आणि भावना आहेत तिथंच आहेत. खेळात तिचं दूध काढता येतं. कोणत्या तोंडाला चारा घालायचा, ते मात्र कुठं लिहिलेलं नाही.

मुळात त्या नावामागं गुरांची एक खरी जात आहे. अमेरिकेत ‘ब्राह्मन’ नावाची वशिंडवाली गुरं असतात. ती एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात भारतातून नेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल अशा जातींपासून तयार केलेली. म्हणजे दोन तोंडांची झाली तरी माहेर इकडचंच. आमची गवळाऊ तेवढी राहिली. वर्धा, नागपूर, छिंदवाडा या पट्ट्यातलं हे पांढरं, चपळ जनावर. मराठ्यांच्या फौजेचं सामान यानंच वाहिलं. अमेरिकेला गेली असती तर आज तिचीही कुठल्या तरी खेळात दोन तोंडं झाली असती, आणि पोळ्याला बाशिंगं दोन, गोंडे दुप्पट, नैवेद्याची पुरणपोळी दोनदा. खर्चाच्या दृष्टीनं झालं ते बरं झालं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येतो.

खेळाच्या अगदी सुरुवातीला, हातात एक गंजका सुरा आणि अंगावर तळघराचा निळा पोशाख अशा अवस्थेत मी एका ओढ्याकाठी उभा होतो. समोरून लोखंडी चिलखतातला एक धिप्पाड गडी आला. हातात तोफेएवढी बंदूक. डोक्यावर नाव आणि नावापुढं तीन आकडी पातळी, म्हणजे कैक वर्षं मुरलेला. माझी पातळी बोटांवर मोजण्याइतकी. मी पांढुर्ण्याचा, समोरच्या काठावर माणूस दिसला की पाय आपोआप मागं सरकतात. तो थांबला, हात हलवला, एक कागदी पिशवी जमिनीवर टाकली आणि निघून गेला. पिशवीत शुद्ध पाणी, औषधं, थोडी काडतुसं. नाव नाही, गाव नाही, फोटो काढणारा कोणी नाही. आमच्याकडे एक केळं देताना चार जण धरतात आणि पाचवा फोटो काढतो.

भाच्याला विचारलं, हा कोण? म्हणाला, कोणी नाही, असंच करतात सगळे. नवा माणूस दिसला की पिशवी टाकतात. या खेळात ती रीतच पडलीय.

बुडालेल्या जगात माणसं एवढी सज्जन कशी? मला आधी वाटलं, खेळणारेच भले. मग नियम वाचले आणि उलगडा झाला. पहिलं म्हणजे कॉम्प्युटरवरही तिथं एकमेकांना लिहायची सोय कंपनीनं दिलेली नाही. खुणा करायच्या : हात, अंगठा, बदाम. फार तर माइकवर बोलायचं, पण बहुतेक जण बोलत नाहीत. लिहिता येत नाही म्हटल्यावर निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रयोग करून पाहावा.

दुसरा नियम अस्सल आहे. सुरुवातीला कंपनीनं असं ठरवलं होतं : तुम्ही दुसऱ्याला मारलंत आणि त्यानं उलट मारलं नाही, तर तुमच्या गोळीचा त्याला जेमतेम चिमटा बसेल. तरीही हट्टानं मारून मारून त्याचा जीव घेतलात तर तुम्हाला बक्षीस शून्य. उलट तुम्ही गुन्हेगार. नकाशावर तुम्ही लाल खुणेनं सगळ्या जगाला दिसता आणि तुम्हाला मात्र बाकीचे दिसत नाहीत. तुमच्या डोक्यावर इनाम लागतं. आणि इथं खरी मेख आहे : जो तुम्हाला मारेल त्याला ते इनाम मिळतं ते सरकारी तिजोरीतून नाही, तुमच्याच खिशातून. तुमच्याच झाकणांतून.

बस. ना पोलीस, ना प्रवचन, ना शांतता समितीची बैठक. मारणं आतबट्ट्याचं केलं आणि माणसं पाण्याच्या पिशव्या वाटायला लागली. त्यातून ज्यांची खाज उरली होती त्यांच्यासाठी कंपनीनं मार्च २०१९मध्ये एक वेगळं जग उघडलं, खुशाल एकमेकांना मारा म्हणून. ऑक्टोबर उजाडला आणि ते बंद करावं लागलं. पुढं एकमेकांना संपवण्याचा आणखी एक वेगळा खेळ काढला, तोही २०२१मध्ये गुंडाळला. पिशव्या वाटणारं साधं जग मात्र चालूच आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये ‘फॉलआउट’च्या जगावरची मालिका टीव्हीवर आल्यावर एका दिवसात दहा लाखांवर लोक तिथं येऊन गेले, असं कंपनी सांगते.

आणि आमचं मारामारीचं जग? ते कधी बंद पडल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

परगावच्या वाचकांसाठी थोडक्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते आणि इडापिडा गावाबाहेर जाते. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीत गोटमार होते आणि इडापिडा डोक्यात बसते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंडा तोडून आणायचा आणि दुसऱ्यानं तो तोडू द्यायचा नाही. साधन : दगड. संध्याकाळी झाड चंडीमातेच्या देवळात नेऊन वाहतात, दोन्ही काठ एक होतात. आख्यायिका अशी की पांढुर्ण्याचा पोरगा आणि सावरगावची पोरगी पळून निघाले, नदीत अडकले, दोन्हीकडून दगड आले, दोघं तिथंच गेले. त्या दोघांची आठवण म्हणून दरवर्षी काय करायचं ठरलं? तर दोन्हीकडून दगड. लैला-मजनूंचं नशीब, त्यांच्या गावांना एवढी चांगली स्मरणशक्ती नव्हती.

जखमींचा आकडा दरवर्षी शेकड्यांत असतो. आजवर जीवही गेलेत, एक-दोन नाहीत. जास्त लागलेल्यांना नागपूरला हलवतात. खेळात जखमेवर एक सुई टोचली की पात्र उठून पळतं; इथं आधी देवीची भभूत लावायची आणि पुन्हा नदीत उतरायचं. खेळात मेलं तर थोड्या अंतरावर पुन्हा जिवंत व्हायची सोय आहे. जाम नदीत ती अजून झालेली नाही.

प्रशासनानं काय केलं नाही? रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू पोरांना नेले आणि दगड उचलले. गोफणीवर बंदी घातली, गोफणी आल्या. ड्रोन उडवले, कॅमेरे लावले. दगड मारणाऱ्याला वरून आपलं चित्रण होतंय म्हटल्यावर त्यानं बाही सारखी केली. जमावबंदी लावली. जमाव एवढा की बंदीला उभं राहायला जागा नव्हती. कायदे नवे आले, १४४चं कलम १६३ झालं. आकडा बदलला, दगड तेच. वर रुग्णवाहिका, डॉक्टर, तात्पुरते दवाखाने, फौजफाटा. म्हणजे हिशेब असा : दगड फुकट, डोकं दुसऱ्याचं, टाके सरकारी, आणि झेंडा आणणाऱ्याची मिरवणूक. शिवाय गच्च्यांवर दाटीवाटीनं प्रेक्षक आणि आता प्रत्येकाच्या हातात रील. अशा भावात कोणता व्यापारी दुकान बंद करील?

उरलेल्या दिवसांत ही दोन्ही गावं कशी असतात, तेही सांगायला हवं. सावरगाव म्हणजे काही लंका नाही; पूल ओलांडला की सावरगाव. सावरगावच्या लेकी पांढुर्ण्यात दिल्यात, पांढुर्ण्याच्या सावरगावात. ज्याला सकाळी नेम धरून मारला तो संध्याकाळी साडू निघतो. लागलं का हो फार, म्हणून चहाला बोलावतात. या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पाण्याची पिशवी टाकणारा चिलखतवाला आणि हा साडू, दोघं एकाच मातीचे आहेत. फक्त त्या चिलखतवाल्याला मारायचे पैसे पडतात.

तर परवा पानठेल्यावर मी प्रस्ताव मांडला. बंदी नको, चेंडू नको, प्रवचन तर नकोच. परंपरा जशी आहे तशी राहू द्या. झाड पळसाचंच, झेंडा तोच, देवी तीच. फक्त नदीत उतरण्याआधी प्रत्येकानं अनामत भरायची. ज्याचा दगड ज्याच्या डोक्यात बसेल, त्याच्या टाक्यांचा खर्च मारणाऱ्याच्या अनामतीतून. ड्रोन तर उडतातच, कोणाचा दगड कोणाला लागला ते दिसेलच. अनामत संपली की काठावर. टाका पाचशे, हाड पाच हजार, असं दरपत्रक दोन्ही काठांवर लावायचं, मराठीत आणि हिंदीत.

ठेलेवाला चुना लावायचा थांबला. बाजूच्या बाकावरचे गृहस्थ, ज्यांच्या कपाळावर तीन वेगवेगळ्या वर्षांच्या खुणा आहेत आणि त्या ते पाहुण्यांना क्रमानं दाखवतात, त्यांनी शांतपणे पिंक टाकली.

“आयडिया बराबर हाय गुरुजी,” ते म्हणाले. “पन ड्रोन पाहून दगड कोनाचा ते सांगन कोन? सांगनारा पांढुर्ण्याचा असला तं सारे दगड सावरगावचे निंगतीन, अन् सावरगावचा असला तं आपले.”

मी म्हटलं, मग बाहेरचा माणूस बसवू. सौंसरचा.

“सौंसरचा?” ते उठून बसले. “त्याची बायको सावरगावची हाय ना जी!”